तिसाव्या रात्रीचा पाहुणा

या, जरा असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला नुसत्या टाळ्या ऐकू येतात, शब्द वाटेतच सांडतात. आजची गोष्ट दोन जावांची आहे, एका पाहुण्याची आहे आणि नगरपालिकेच्या एका कराची आहे. कराचं नाव काढल्याबरोबर खिसे चाचपू नका, इथे कुणाकडून काही घ्यायचं नाही. झालंच तर उठताना एक ओझं तुमच्या हाती द्यायचं आहे, आणि ते फुलाइतकं हलकं आहे.

तर नगरपालिकेच्या निरीक्षक बाईंनी लॉजच्या काउंटरवरची घंटा बाजूला सारली, पिशवीतून दोन कागद काढले आणि कडेला कड लावून शेजारी शेजारी ठेवले. पलीकडे लॉजची मालकीण, थोरली जाऊ, धुऊन आलेले उशांचे अभ्रे मोजत उभी होती. तिने मान वर केली नाही. सव्वीस, सत्तावीस. सरकारी माणूस आला म्हणून मोजणी मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, आणि सरकारी माणूस काही मोजू लागत नाही.

"काकू, सात नंबरच्या खोलीत कोण राहतं?"

"अठ्ठावीस. काटेवाले."

"म्हणजे?"

"म्हणजे दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारे. नाव वहीत आहे, पण त्या नावानं हाक मारलीत तर ते स्वतःसुद्धा वळून बघायचे नाहीत. एकोणतीस, तीस." तिने गठ्ठ्याला गाठ मारली. "तीन वर्षं झाली आमच्याकडे. मुक्काम कर वेळच्या वेळी भरलाय. चहा घेणार ना?"

"आधी काम."

"काम आणि चहा यांचं वैर असल्याचं मी तरी ऐकलं नाही," असं म्हणत थोरली काउंटरमागच्या ओट्याकडे वळली आणि तिने दूध तापत ठेवलं.

निरीक्षक बाई वयाने लहान, पण कामात पक्क्या. आठ वर्षांत लॉजवाल्यांचे सगळे डाव त्यांनी पाहिले होते. खोली रिकामी लिहायची आणि दाराशी मात्र चपलांचे चार जोड. पाहुण्याला 'मेव्हणा' म्हणायचं आणि मेव्हण्याला त्याच्या बहिणीचं नाव विचारलं की त्याने छताकडे बघायचं. अशांना त्या बोलता बोलता पकडत. आज मात्र त्यांच्या कपाळावर आठी होती ती चोर सापडल्याची नव्हती. चोरीच सापडत नव्हती, त्याची होती.

"हा तुमच्या वहीचा उतारा," त्यांनी पेन्सिलीने डावा कागद दाखवला. "एकोणतीस रात्री मुक्काम, मग एक रात्र नाही. पुन्हा एकोणतीस, पुन्हा एक नाही. छत्तीस वेळा."

"महिन्यातून एकदा घरी जातात. माणसाला घर असतं."

"आणि हा समोरच्या लॉजचा उतारा." पेन्सिल उजव्या कागदावर गेली. "तुमच्याकडे जी रात्र नाही ती इथे आहे. छत्तीसच्या छत्तीस. आजवर सगळ्या वह्या वेगवेगळ्या कपाटांत पडून असायच्या. यंदा एका यंत्रात घातल्या आणि हे बाहेर पडलं."

दोन्ही कागद एकत्र वाचले की जपाची माळ पुरी व्हावी तसं होत होतं. इकडे सगळे मणी, तिकडे मेरुमणी.

थोरलीने दूध उतरवलं. ते उतू जायला अजून अवकाश होता.

इथे समोरच्या लॉजबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तो होता थोरलीच्या धाकट्या जावेचा. दोघी भावांच्या बायका, एका मांडवातून एका घरात आलेल्या. भावांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन लॉज काढले, वाटण्या गोडीगुलाबीने केल्या आणि दोन वर्षांच्या अंतराने दोघेही देवाघरी गेले. मागे राहिल्या बायका आणि पाट्या. थोरलीने नवीन पाटी लावली, 'मूळ निवास'. आठवड्याने समोर पाटी आली, 'खरे मूळ निवास'. थोरलीने खाली रंगवून घेतलं, 'स्थापनेपासून'. समोरून उत्तर आलं, 'त्याही आधीपासून'. रंगाऱ्याची त्या वर्षी चंगळ झाली आणि दोघींचं बोलणं जे तुटलं ते अकरा वर्षं. रस्ता एवढाच की इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जावं, पण दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

"आता नियम ऐका," निरीक्षक बाई म्हणाल्या.

"नियम मला पाठ आहे. बाहेरगावच्या माणसानं आमच्याकडे रात्र काढली की रात्रीमागे कर. सलग तीस रात्री झाल्या की तो पाहुणा राहिला नाही, गावचा रहिवासी झाला. मग कर माफ."

"बरोबर. म्हणजे काटेवाल्यांनी पहिल्या महिन्यात आणखी एक रात्र इथेच काढली असती, तर गेली तीन वर्षं त्यांना एक पैसाही पडला नसता. कर बुडवणारे मी पोत्यानं पाहिलेत, काकू. कर ओढवून घेणारा हा पहिलाच. मला एवढंच सांगा, हा माणूस करतोय काय?"

थोरलीने दोन कप भरले आणि एक त्यांच्यापुढे सरकवला. निरीक्षक बाईंनी तो घेतला.

काटेवाले काय करतात, हे थोरलीला तिसऱ्या महिन्यापासून ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात एकोणतिसाव्या दिवशी नगरपालिकेचा पिवळा अर्ज आला होता. उद्याची रात्र झाली की आपण या गावचे, अमुक ठिकाणी सही करा, असा. काटेवाल्यांनी इथेच काउंटरशी उभं राहून तो वाचला. शेवटची ओळ त्यांनी भिंगाखाली धरली. 'माझा पूर्वीचा पत्ता आजपासून रद्द समजावा.' त्यांनी अर्जाची घडी केली, टोपी घातली आणि म्हणाले, "मालकीणबाई, उद्या जरा घरी जाऊन येतो." दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी आले ते सफरचंदं घेऊन. "घरच्या झाडाची," म्हणाले.

थोरलीला आधी कौतुक वाटलं. मग दुसऱ्या महिन्यात तिने सफरचंदं धुवायला घेतली, तर प्रत्येकावर पैशाएवढी चिकट खूण लागली. दुकानदार कागदी टिकली चिकटवतो, ती काढल्याची. बरं, वजन केलं तर दोन्ही खेपांना नेमकं एक किलो. ना तोळा कमी, ना तोळा जास्त. बाबांनो, झाडाला किलो कळत नाही. जन्मभर लोकांचे काटे सरळ करणाऱ्या माणसाने खोटं बोलावं तरी कसं, तर तेही मापून! थोरली एकटीच हसली आणि मग एकटीच गप्प झाली.

तिसऱ्या महिन्यात त्या संध्याकाळी तिला समोरच्या तळमजल्यावरच्या खिडकीत टोपी दिसली. खुंटीला अडकवलेली, ओळखीची. तळपायाची आग मस्तकात गेली. माझे पाहुणे फोडते! ती पदर खोचून रस्ता ओलांडायला निघालीही होती. तेवढ्यात खिडकीतला दिवा लागला आणि तिने पाहिलं, की टेबलाशी काटेवाले बसलेत आणि त्यांच्यापुढे, थोरलीनेच प्रवासासाठी म्हणून भरून दिलेला डबा उघडून, धाकटी दोन ताटल्या मांडते आहे. काटेवाले तिच्या ताटलीत मापून जास्त वाढत होते. धाकटीने आपल्या ताटलीतलं उचलून त्यांच्या ताटलीत टाकलं. अर्धं अर्धं झाल्याशिवाय ती घास घेईना.

थोरली उंबऱ्यातूनच परत फिरली. तिने आपली खिडकी ओढून घेतली आणि त्या महिन्यापासून ती डबा दोघांचा भरू लागली. धाकटीला तिखट सोसत नाही, ती दोन घासांत पाण्याचा तांब्या मागते, म्हणून एक कप्पा बिनतिखटाचा. काटेवाले डबा हातात घेऊन म्हणायचे, "जड झाला हो आज." आणि थोरली म्हणायची, "घरी माणसं असतील." दुसऱ्या दिवशी डबा यायचा तो आरशासारखा घासलेला. असा डबा घासणारे हात या रस्त्यावर दुसरे नव्हते. कधी काटेवाल्यांच्या सदऱ्याचं तुटकं बटणही लागलेलं असायचं, चारी भोकांतून सरळ दोन रेघा मारून. फुली मारून बटण लावलेलं धाकटीला कधी आवडलं नाही.

म्हणजे अकरा वर्षं न बोलणाऱ्या दोन बाया गेली तीन वर्षं महिन्यातून एकदा एकमेकींच्या हातचं घेत होत्या, आणि ताकास तूर लागू देत नव्हत्या.

हे सगळं नगरपालिकेला सांगायचं कसं?

"घरी जातात," थोरली पुन्हा म्हणाली. "एवढंच मला माहीत."

निरीक्षक बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. पत्त्यावर तिरका शिक्का होता. "मी त्यांच्या घरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. परत आलं. वाचा."

थोरलीने चष्मा लावला. शिक्क्याखाली कुणीतरी घाईघाईने लिहिलं होतं, 'इमारत चार वर्षांपूर्वी पाडली. या जागी कुणी राहत नाही.'

तिने पाकीट उलटं ठेवलं. ठेवताना वर तळहात ठेवला आणि तो उचलला नाही.

"टपाल चुकतं कधी कधी."

"काकू."

"बोला."

"मी त्यांचं वाईट करायला आले नाहीये. नियमाची दुसरी बाजूही आहे. दोन जागांमध्ये आपसात व्यवहार असेल तर त्या एकच जागा धरायच्या. तसं धरलं की त्यांचा मुक्काम सलग होतो. मग छत्तीस महिन्यांचा कर परत. मी बेरीज केलीये. चांगली रक्कम आहे, म्हातारपणी कामाला येईल. नगरपालिका कुणाचं फुकटचं खात नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खरा होता. "तुम्ही फक्त लिहून द्या, की तुमचं आणि समोरच्यांचं घर एक आहे. नाहीतरी सख्ख्या जावाच ना तुम्ही?"

"आणि तो पिवळा अर्ज?"

"तो निघणारच. यंत्रच काढतं. रहिवासी झाले की पूर्वीचा पत्ता रद्द."

थोरलीची नजर दाराच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एक काठी उभी होती, शिसवी, चांदीची मूठ, टोकाला पितळी टोपण. तिच्या गेलेल्या मालकांची. गेल्याच आठवड्यात धाकटीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. भिंतीला धरून जिना उतरणारी धाकटी थोरलीला चार दिवस खिडकीतून दिसत होती. चार दिवसांपूर्वी तिने ती काठी माळ्यावरून काढली, तेल लावून पुसली, मूठ घासली. रोज संध्याकाळी ती काठी हातात घेऊन दारापर्यंत जायची आणि रोज 'मीच का आधी' म्हणून परत यायची. आज मात्र सकाळी देवापुढे हात जोडताना तिने ठरवून टाकलं होतं. आज जायचं. जाऊन म्हणायचं, "घे, पाय सांभाळ." बाकी पाट्यांचं काय ते नंतर बघू.

आणि आजच ही बाई विचारत होती, की घर एक की दोन!

एक म्हणावं तर जाऊ परत मिळते आणि काटेवाल्यांचं घर जातं. दोन म्हणावं तर काटेवाल्यांचं घर राहतं आणि काठी कोपऱ्यात राहते. देवाच्या दरबारी असले पेच घालायला वेगळा कारकून असावा.

"त्यांनाच विचारू या," निरीक्षक बाई म्हणाल्या.

"काय विचारणार? तुमचं घर पडलंय हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, असं?"

एवढ्यात दार ढकलून काटेवालेच आत आले. उंच, सडपातळ, खांद्याला वजनांची चामडी पिशवी. ती ठेवताना आत पितळ किणकिणलं. सत्तरी उलटलेली, पण पाठ ओळंब्यासारखी सरळ.

"मालकीणबाई, तुमच्या त्या किराणावाल्याला सांगा, काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेला चुंबक मी काढलाय. आता त्याचा किलो किलोएवढाच होईल आणि त्याचा चेहरा त्याहून लहान." मग त्यांना निरीक्षक बाई दिसल्या. त्यांनी टोपी काढली. "पाहुण्या?"

"नगरपालिकेच्या आहेत. मुक्काम कराच्या," थोरली म्हणाली. पाकिटावरचा तिचा हात हलला नाही.

"मग माझ्याच बाई तुम्ही!" काटेवाल्यांनी खिशातून पावत्यांची चळत काढली. सुतळीने बांधलेली, कोपरे कोपऱ्यांशी जुळलेले. "एकही चुकवलेली नाही. बघून घ्या."

"बघितलंय, काका."  निरीक्षक बाईंनी प्रत्येक शब्द जपून खाली ठेवला. "मी असं म्हणत होते, की तुम्ही इतकी वर्षं येत-जात आहात. इथलेच झालात तर कर माफ होईल. भरलेलाही परत मिळेल. रक्कम बरीच आहे."

 काउंटरवर थोरलीचा छोटा वजनकाटा होता, काटेवाल्यांनीच नीट केलेला. रिकामं पारडं त्यांनी बोटाच्या टोकाने दाबून सोडलं. काटा थरथरला, झुलला आणि येऊन खुणेवर उभा राहिला.

"बाई, हे शून्य. पारड्यात काही नाही तेव्हा काटा इथे येतो. लोकांना वाटतं, इथे काही नाहीच तर ही खूण कशाला? खरवडली तर काय बिघडलं? पण ती हलली ना, की पुढची सगळी वजनं खोटी पडतात. कांदाही खोटा आणि सोनंही खोटं." ते हसले. "माझं घर तिकडे आहे. मी तुमच्या गावात पाहुणा आहे. चांगलं गाव आहे, पाहुण्यानं कर द्यावा असं गाव आहे. मी देतो. पावती तेवढी देत जा."

निरीक्षक बाईंनी मान हलवली.

"आज तिसावी रात्र," काटेवाले थोरलीकडे वळले. "संध्याकाळी निघतो घरी. आंघोळीला पाणी मिळेल ना?"

"तापवलंय."

जिन्यावर त्यांची पावलं वाजत गेली, एकसारखी, जणू पायऱ्यांचंही माप घेत होती. सात नंबरचं दार लागलं. 

मग निरीक्षक बाईंनी पाकिटाकडे हात पुढे केला आणि थोरलीने ते सोडलं. त्यांनी ते पिशवीत घातलं, अगदी तळाशी.

"आठ वर्षं नियमावली वाचतेय," त्या म्हणाल्या. "पाहुण्याचं घर उभं असलंच पाहिजे, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही."

"तर मग!"

"पण दोन जागांचं मला लेखी लागेल, काकू. यंत्रानं दाखवलंय, मला उत्तर द्यायचंय." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. "दोन्ही घरं वेगळी असतील तर इथे सही. वाचून करा. दरवर्षी द्यावं लागेल."

थोरलीने वाचलं. 'माझ्या व समोरील जागेमध्ये कोणताही व्यवहार, देवाणघेवाण अथवा बोलणेचालणे नाही.'

"बोलणेचालणेसुद्धा?"

"पूर्वी दोन लॉजवाले तोंडी ठरवून पाहुणे फिरवायचे. म्हणून घातलंय." निरीक्षक बाईंची नजर ओट्यावर गेली. तिथे डबा उघडा होता, चारही कप्पे भरलेले, एकाला हळद सोडून कशाचाच रंग नव्हता. "आणि देवाणघेवाण म्हणजे डबासुद्धा येतो, बरं का."

"डबा मी माझ्या पाहुण्याला देते," थोरली ठणकावून म्हणाली. "पाहुण्यानं तो कुणाबरोबर खावा, यावर अजून तुम्ही कर बसवलेला नाही. बसवाल तेव्हा बघू."

निरीक्षक बाईंना हसू आवरलं नाही. त्यांनी पेन काढून दिलं.

थोरलीने पेन घेतलं, पण सही केली नाही. तिने काठीकडे पाहिलं. अकरा वर्षांत बोलणं नव्हतं ते रागाने. रागाचं एक बरं असतं, तो कधीही गिळता येतो, म्हणून माणूस आज-उद्या करत राहतो. या कागदावर सही केली की तो 'उद्या'च संपला. आता बोलायचं नाही ते कबूल करून, आणि दरवर्षी नव्याने.

"समोर जाणार असाल ना आता?" तिने विचारलं. "तिला नीट समजावून सांगा. ती आधी नाही म्हणेल. तापट आहे, पण मनानं..." पुढचा शब्द तिने गिळला.

"समोर जाऊन आले, काकू. सकाळीच." निरीक्षक बाईंनी पिशवीतून आणखी एक कागद काढला आणि थोरलीच्या कागदाशेजारी ठेवला, कडेला कड लावून. "तुम्हाला दाखवायला नको खरं तर."

तेच छापील वाक्य. खाली धाकटीची सही, ठळक, शेवटी नेहमीची लांब रेघ. आणि सहीखाली तिने आपल्या हाताने एक ओळ जोडली होती. 'आणि पुढेही असणार नाही.'

"मी त्यांनाही परताव्याचं सांगितलं," निरीक्षक बाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तुमच्याकडे बघत सही केली. म्हणजे खिडकीतून, इकडे. त्यांच्या वहीत एक गंमत आहे, काकू. छत्तीस रात्रींचं खोलीभाडं शून्य लिहिलंय. मुक्काम कर मात्र दर वेळी भरलाय. त्यांच्या स्वतःच्या नावानं. आणि 'कोठे जाणार' या रकान्यात छत्तीस वेळा एकच शब्द."

"कोणता?"

"घरी."

थोरलीने चष्मा काढला, अभ्र्याच्या कोपऱ्याने पुसला, पुन्हा लावला. मग तिने सही केली. सही करून पेन परत दिलं नाही. खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझ्याकडूनही नाही.' आणि मग पेन दिलं.

दोन्ही कागद निरीक्षक बाईंनी एकात एक घालून ठेवले. अकरा वर्षांत त्या दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

संध्याकाळी काटेवाले खाली उतरले. धुतलेला सदरा, टोपी, हातात लहान पिशवी. थोरलीने डबा दिला. आज तो नेहमीपेक्षाही जड होता.

"जड झाला हो."

"घरी माणसं असतील." मग ती कोपऱ्यात गेली आणि काठी घेऊन आली. "ही पण घ्या."

काटेवाल्यांनी काठीकडे पाहिलं, मग आपल्या सरळ पायांकडे. त्यांनी आयुष्यात काठी धरली नव्हती. "मला?"

"वाट लांबची आहे. कामाला येईल."

त्यांनी काठी दोन्ही हातांवर आडवी धरली, तोलून पाहिली, जशी ते प्रत्येक वस्तू तोलत. मूठ नुकतीच घासलेली, पितळी टोपण चकचकीत. त्यांनी एकदा थोरलीकडे पाहिलं आणि एकदा, अगदी ओझरतं, रस्त्यापलीकडे.

"हो," ते म्हणाले. "वाट लांबची आहे खरी."

ते बसथांब्याच्या दिशेने निघाले. नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर वळतील, गल्लीला वळसा घालतील आणि समोरच्या मागल्या दाराने आत जातील. एवढा वेळ आपण खिडकीशी नसावं, हे थोरली तीन वर्षं पाळत होती. ती आत जाऊन उगाच भांडी लावत बसली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास काटेवाले परतले. डबा लखलखीत. सफरचंदं, एक किलो. थोरलीने वहीत त्यांचं नाव लिहिलं, रात्र पहिली, आणि कराची पावती फाडून दिली. त्यांनी ती सुतळीत सरकवली.

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. जेवण आवडलं सगळ्यांना." ते जिन्याकडे निघाले आणि पहिल्या पायरीवर थांबले. "मालकीणबाई, तुमची काठी मात्र घरी विसरलो बघा."

"राहू द्या," थोरली अभ्रे मोजायला घेत म्हणाली. "घरच्यांना लागेल."

बावीस, तेवीस. रस्त्यापलीकडे, समोरच्या जिन्यावर काहीतरी वाजलं. लाकडावर पितळ. टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्. एक एक पायरी, सावकाश, पण भिंतीचा आधार न घेता. खाली येऊन आवाज दाराशी थांबला. थोरलीने मान वर केली नाही. फक्त तिची मोजणी चुकली. तिने गठ्ठा सोडला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

आता उठण्याआधी ते हलकं ओझं घ्या. कधी परगावी मुक्काम पडेल, सकाळी बिल हातात येईल, तळाशी मुक्काम कराची बारीक ओळ दिसेल आणि ओठांवर कुरकुर येईल. त्या वेळी खिडकीतून एकदा रस्त्यापलीकडे बघा. थोरलीची चिंता नको, तिला तुम्ही आता ओळखता. आठवण ठेवा ती धाकटीची. या सबंध गोष्टीत तिचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत. तिने 'घरी' हा एकच शब्द लिहिला, छत्तीस वेळा, आणि त्याचा कर स्वतः भरला. देवाच्या वहीत तिच्या नावापुढे काय लिहिलंय ते देव जाणे. आपल्या वहीत तिच्या नावाची तेवढी एक ओळ असू द्या.